डोळ्यांच्या स्कॅनवरून पार्किन्सन, स्मृतिभ्रंशाची चाहूल: नागपुरात ही तपासणी सरसकट करावी का?

सक्करदराकर:
माझं मत, करावी. धंतोली, रामदासपेठेत मधुमेहाच्या पेशंटचा ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन, रोज होऊन राहिला. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, समोरच्या खुणेकडे बघायचं, काही मिनिटांत काम आटोपतं. डोळ्याचा पडदा गर्भात मेंदूपासूनच तयार होतो, म्हणून मेंदूतली झीज तिथं दिसू शकते. २०२३ मध्ये लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्र रुग्णालयाच्या आणि यूसीएल विद्यापीठाच्या संशोधकांना पार्किन्सनच्या निदानाच्या सरासरी ७ वर्षं आधी पडद्याच्या आतल्या थरांत फरक आढळला. यंत्र इथं, पेशंट इथं. मग साठीपुढच्यांच्या रिपोर्टवर ही नोंद काऊन नको?

इतवारीतला ऑप्टोमेट्रिस्ट:
मी रोज हे स्कॅन काढतो आणि माझा ठाम विरोध आहे. त्या अभ्यासात गटांच्या सरासरीची तुलना होती. माझ्यासमोर एक माणूस बसलेला असतो. पडद्यावरचा डोळ्याच्या नसेच्या तंतूंचा थर साधारण ९०-१०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). या आजारांमुळे पडणारा फरक मोजक्या मायक्रॉनचा, आणि तेवढा फरक वयाने, काचबिंदूने, मोठ्या मायनस नंबरानेही पडतो. उणे नऊ नंबरचे एक काका आले होते. रिपोर्टवर खालचा भाग लाल, म्हणजे थर नेहमीपेक्षा पातळ. काचबिंदू नव्हता, इतक्या मोठ्या नंबरच्या डोळ्यांना यंत्र पुष्कळदा उगाच लाल दाखवतं. पण ‘नस पातळ म्हणजे विसरभोळेपणा’ असं त्यांनी मोबाइलवर वाचलेलं. काउंटरवर हळूच विचारलं, “दुकान आत्ताच मुलाच्या नावावर करू का?” त्यांचं समाधान करता करता माझी संध्याकाळ गेली.

त्रिमूर्तीनगरची लेक:
माझ्या बाबांना पार्किन्सन आहे. हात थरथरायला लागला त्याच्या कितीतरी आधी वास येणं गेलं होतं, बद्धकोष्ठ होता, झोपेत हातपाय झाडायचे. खांदा आखडला तर आम्ही नुसता शेक देत बसलो. त्या काळात ते वर्धा रोडवर स्कूटर चालवत होते. लोक घाबरतील म्हणून सांगायचंच नाही, हे मला अजिबात पटत नाही. आधी कळलं असतं तर घरातले निर्णय बाबांनी स्वतः घेतले असते.

इतवारीतला ऑप्टोमेट्रिस्ट:
ताई, तुम्ही सांगितलेली लक्षणं कोणत्याही स्कॅनपेक्षा बोलकी आहेत. वास, झोप, खांदा, पोट हे सगळं एकाच डॉक्टरला एकत्र सांगितलं गेलं पाहिजे. त्याला यंत्र लागत नाही.

प्रतापनगर, निवृत्त गणित शिक्षक:
जरा आकडेमोड करू. देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के. म्हणजे हजारात ७४. समजा तपासणी दोन्ही बाजूंनी ८० टक्के अचूक आहे, म्हणजे शंभर आजाऱ्यांपैकी ८० आणि शंभर निरोगींपैकी ८० बरोबर ओळखते. ती ५९ जणांना पकडेल आणि १८५ धडधाकट माणसांनाही आजारी ठरवेल. या १८५ जणांचा एमआरआय कोण करणार? मेडिकलमधली, म्हणजे आपल्या सरकारी रुग्णालयातली, रांग बघून या.

सक्करदराकर:
सर, म्हणूनच पहिली चाळणी डोळ्याची आणि दुसरी रक्ताची ठेवा. पी-टाऊ २१७ या प्रथिनावरून अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार) ओळखायला मदत करणारी रक्ततपासणी अमेरिकेत २०२५ मध्ये मंजूर झाली. लेकानेमॅबसारखं औषधही अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यातच देतात. उशिरा कळून काय उपयोग?

इतवारीतला ऑप्टोमेट्रिस्ट:
ती मंजुरीही पंचावन्न वर्षांपुढच्या, लक्षणं असलेल्यांसाठीच आहे. तुम्ही मागताय सरसकट. शिबिराचा पैसा मोतीबिंदूवर घाला. उपचार न केलेली अधू दृष्टी हा स्मृतिभ्रंशाचा टाळता येण्याजोगा धोका असल्याचं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये नोंदवलं. इथं कित्येक आजी एका डोळ्यावर दिवस काढून राहिल्या, त्यांचं आधी बघा.

त्रिमूर्तीनगरची लेक:
मोतीबिंदू आधी, मान्य. पण ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी काय करायचं? मी माझा स्कॅन करून ठेवू की नको?

इतवारीतला ऑप्टोमेट्रिस्ट:
डोळ्यांसाठी जरूर करा. नुसत्या कागदावर भागवू नका, मूळ फाइल मागून घ्या आणि यंत्राचा मेक लिहून ठेवा. एका कंपनीच्या मशीनचे आकडे दुसरीच्या आकड्यांशी जुळत नाहीत, त्यामुळे पुढच्या वेळीही त्याच मशीनवर करा. त्यावरून पार्किन्सनचं भाकीत मात्र मी करणार नाही, आणि कोणी करत असेल तर त्याला फी देऊ नका.

सक्करदराकर:
फाइल जपायची असेल तर ती सगळ्यांचीच जपली जावी, एवढी माझी मागणी कायम आहे. विदर्भातल्या डोळ्यांची आकडेवारी आपण आज साठवली नाही, तर इथल्या माणसांना पुढेही परदेशी सरासरीच लावली जाईल.