धावपळीत वजन उतरवणं: मापं, वेळा आणि कुठे अडतं (अनुभव धागा)

हा धागा कामाच्या तपशिलांसाठी काढला आहे. कमी खा आणि जास्त चाला हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण सकाळी मुलांचे डबे, मग लोकल, नऊ तास खुर्ची आणि घरी पोचायला रात्रीचे आठ, अशा दिवसात ते बसवायचं कसं हे ठाऊक नसतं. म्हणून लिहिताना ग्रॅम, चमचे, मिनिटं लिहा. काय फसतं आणि का फसतं, तेही लिहा. आधी-नंतरचे फोटो आणि स्वतःची कहाणी नको.

सगळ्यांना लागणारे आकडे आधी देते. आपल्याकडे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 23 च्या पुढे गेला की वजन जास्त आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषांची 90 सेंमीच्या आणि बायकांची 80 सेंमीच्या आत हवी. मोजताना टेप पँटच्या पट्ट्यावर लावू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये धरा, श्वास सोडा आणि मग वाचा. पहिलं लक्ष्य वजनाच्या पाच टक्के एवढंच ठेवा. 80 किलोच्या माणसाला 4 किलो.

स्वयंपाकघर सांभाळणाऱ्यांकडून

सुरुवात तेलापासून करा, कारण ते एकदा मोजलं की घरातल्या सगळ्यांचं मोजलं जातं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला 2000 कॅलरींचं जे ताट सांगितलं आहे, त्यात तेल-तूप मिळून 27 ग्रॅम आहे. आता आपल्या घरचा हिशोब करा. चार माणसांत महिन्याला पाच लिटरचा कॅन संपत असेल, तर माणशी रोज 38 ग्रॅम झाले. यात बाहेरचं खाणं धरलेलं नाही. तेच 20 ग्रॅमवर आणलं तर माणशी रोज 160 कॅलरी वाचतात आणि ताटातला एकही पदार्थ कमी होत नाही.

करायचं एवढंच: चार माणसांसाठी महिन्याच्या पहिल्या तारखेला अडीच लिटर तेल वेगळ्या बरणीत काढा आणि बाकीचं माळ्यावर टाका. तूप खात असाल तर तेवढं तेल त्यातून कमी करा. बरणी वीस तारखेलाच तळाला गेली तर रोजच्या हाताचा अंदाज चुकतोय, एवढं कळतं. बाटलीतून थेट कढईत ओतणं बंद करून 5 मिलीचा चमचा बरणीतच ठेवा. चार माणसांच्या भाजीला चार चमचे पुरतात, आमटीला दोन.

"कमी तेलात भाजी खाली लागते" ही तक्रार खरी आहे, पण दोष बहुतेक वेळा पातळ बुडाच्या कढईचा असतो. जाड बुडाची घ्या. मोहरी तडतडायला तेल खोल लागतं, म्हणून फोडणी कढईत न करता कढल्यात करा. दोन चमचे तेल तिथे पुरतं. भाजी परतून झाली की वर ताटली ठेवून तिच्यात पाणी घाला. भाजी वाफेवर शिजते, आणि खाली लागेल असं वाटलं की ताटलीतलं तेच गरम पाणी दोन चमचे आत सोडायचं. कांद्याला मीठ सुरुवातीलाच घातलं की पाणी सुटून तो लवकर मऊ पडतो. वांगं मात्र तेल पितं. फोडी आधी पाच-सात मिनिटं वाफवून घ्या. भेंडीला हे काही करू नका, झाकण ठेवलं की ती चिकट होते. ती धुऊन पुसून कोरडी चिरा आणि उघडीच परता.

पोळीचंही असंच मोजा. 30 ग्रॅम कणकेची पोळी सुमारे 100 कॅलरींची. पण घडीची पोळी बहुतेक घरांत 40 ग्रॅमची असते. आत तेल, वर तूप मिळून दोन चमचे गेले की ती 220 वर जाते. अशा तीन म्हणजे 660. संख्या कमी करायला गेलं की जेवणारा नाराज होतो. त्यापेक्षा गोळा लहान करा. भिजलेल्या कणकेचा 50 ग्रॅमचा गोळा म्हणजे साधारण 30 ग्रॅम पीठ. पहिले चार दिवस काट्यावर तोला, मग हाताला कळतं. तेल घडीच्या आत अर्धा चमचा लावा, वरून काही नाही.

भाकरीबद्दलही लिहायला हवं. भाकरी चांगलीच आहे: तेल नाही, चोथा जास्त, पोट भरलेलं राहतं. पण एका मध्यम भाकरीला 70 ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे 240 कॅलरी. दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या घेतल्या तर खाणं वाढतं. दोन पोळ्यांच्या जागी एक भाकरी, असा हिशोब ठेवा.

आहारसल्ला देणाऱ्यांकडून

मराठी शाकाहारी ताटात वजन उतरवताना कमी पडतात ती प्रथिनं. मग दोन तासांत पुन्हा भूक लागते आणि चरबीबरोबर स्नायूही जातात. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम धरा. 65 किलोच्या बाईला 65 ते 78 ग्रॅम. कुठून येणार? 30 ग्रॅम कोरड्या डाळीतून 7, 50 ग्रॅम मटकी किंवा मुगाच्या उसळीतून 12, 25 ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून 13, 200 मिली दुधातून 6 ते 7, एका अंड्यातून 6. 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 मिळतात, पण सोबत 260 ते 300 कॅलरी येतात. मासे किंवा कोंबडी 100 ग्रॅममागे 20 च्या आसपास. पोळी-भातातूनही 15-20 ग्रॅम येतातच.

वरण म्हणजे प्रथिनं, हे वाटीवर अवलंबून आहे. पातळ वरणाच्या वाटीत डाळ पंधरा ग्रॅमच असते. घट्ट करा, किंवा दोन वाट्या घ्या.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे दोन वेळा जेवणाची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी पोचली. तिचा फायदा होतो तो मधली बिस्किटं, चिवडा, गोड चहा बंद होतो म्हणून. फसतं तेव्हा कारण ठरलेलं असतं: दोन्ही जेवणं पोळी-भातानेच भरतात आणि प्रथिनं 35-40 ग्रॅमच्या पुढे जात नाहीत. उसळ, दही, अंडी किंवा डाळ आधी संपवायची आणि भात शेवटी, एवढा क्रम बदलला तरी फरक पडतो.

लोकलने जाणाऱ्यांकडून

घातक वेळ संध्याकाळी साडेसात ते साडेआठची. भुकेजलेला माणूस घरी येतो, कुकर अजून लागायचा असतो आणि हात शेवेच्या डब्याकडे जातो. दोन मुठी शेव-फरसाण म्हणजे 60 ग्रॅम, 330 कॅलरी, आणि त्यानंतर जेवणही पूर्ण होतं. यावर उपाय घरी शोधून सापडत नाही, तो ऑफिसमध्ये आहे. निघण्याआधी साडेपाचला 30 ग्रॅम भाजलेले चणे आणि एक पेरू किंवा काकडी खाऊन निघायचं. चण्यांचे सुमारे 110 कॅलरी आणि 6 ग्रॅम प्रथिनं. चणे सोमवारी पाच छोट्या डब्यांत मोजून भरून टेबलाच्या खणात ठेवा. मोठी पिशवी ठेवली की बुधवारी संपते.

चहा सोडावा लागत नाही. साखरेचा सपाट चमचा 4 ग्रॅम, शिगोशीग 6 ते 7. दिवसाला चार कप, दोन-दोन सपाट चमचे म्हणजे 32 ग्रॅम, इथेच दिवसाची 25 ग्रॅमची मर्यादा ओलांडली. दर दोन आठवड्यांनी कपामागे अर्धा चमचा कमी करा. एकदम बंद केली की आठवड्यात परत येते. टपरीवरच्या कटिंगमध्ये साखर आधीच उकळलेली असते, तिथे कमी करता येत नाही, तिथे फक्त कप मोजा.

व्यायाम शिकवणाऱ्यांकडून

70 किलोचा माणूस अर्धा तास झपझप चालला की 120 ते 130 कॅलरी खर्च होतात. घडीच्या एका पोळीहून कमी. म्हणून चालण्यावर एकटं वजन उतरवायला जाऊ नका. तरी चालणं हवंच, कारण उतरलेलं वजन टिकवायला ते सगळ्यात उपयोगी पडतं. आठवड्याला 150 मिनिटं धरा. दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात, जेवणानंतरची दहा मिनिटं तर रक्तातल्या साखरेसाठीही चांगली. वेग असा की बोलता येतं पण गाता येत नाही.

पहिल्याच आठवड्यात सपाट चपलेवर दहा हजार पावलं टाकली की टाच धरते आणि तीन आठवडे सगळं बंद पडतं. सध्याच्या पावलांत दर आठवड्याला हजाराहून जास्त भर घालू नका, आणि पायात बूट घाला.

स्नायूंसाठी आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं द्या. खुर्चीवरून हात न टेकता उठबस 10 वेळा, भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून जोर 10, पाठीवर झोपून कंबर उचलणं 12, आणि पाच लिटरचा भरलेला कॅन वाकून एका हाताने बरगडीपर्यंत ओढणं, प्रत्येक हाताने 10. अशा तीन फेऱ्या, मध्ये एक मिनिट थांबा. 12-15 सहज जमायला लागलं की आकडा वाढवू नका, वजन वाढवा.

रात्रपाळीवाल्यांकडून

मुख्य जेवण पाळीला निघण्याआधी, सात-साडेसातला. बारा-एकच्या सुमाराला ताक, उकडलेलं अंडं किंवा मूठभर चणे. एक ते पाच या वेळात भरपेट खाऊ नका, त्या वेळी शरीर साखर नीट हाताळत नाही. शेवटचा चहा झोपण्याच्या सहा तास आधी. सात तास झोप मिळत नसेल तर आधी जाड पडद्यावर पैसे खर्च करा. झोप कमी पडली की भूक वाढते, आणि ती गोड-तळलेल्याचीच असते.

काट्याविषयी

काटा फरशीवर ठेवा, चटईवर नाही. उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही. 78.4, 78.9, 77.8, 78.2, 79.1, 78.3, 78.0 या आठवड्याची सरासरी 78.4. पुढच्या आठवड्याच्या सरासरीशी तीच ताडा. खारट जेवण, मासिक पाळीआधीचे दिवस, बद्धकोष्ठ, यांनी एक-दोन किलो सहज हलतात.

पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात ते बरंचसं पाणी असतं. पुढे आठवड्याला अर्धा किलो हा चांगला वेग. लोक दुसऱ्या आठवड्यातच सोडून देतात कारण तेव्हा काटा थांबल्यासारखा दिसतो. सरासरी चार आठवडे हललीच नाही तर मात्र शोधा, आणि या क्रमाने: तेलाचा चमचा शिगोशीग झालाय का, शनिवार-रविवारी काय होतं, मुलांच्या ताटातलं उरलेलं कोण खातं. हे तिन्ही नीट असेल तर घटलेल्या वजनाला आता कमी अन्न लागतंय. तेव्हा रोजच्या 100-150 कॅलरी कमी करा.

उपासाचं

साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतात. 60 ग्रॅम साबुदाणा, 25 ग्रॅम कूट, एक मोठा चमचा तूप, बटाटा: खिचडीची एक थाळी 500 कॅलरींची. उपास धरायचा तर 50 ग्रॅम भगर, दाण्याची पातळ आमटी आणि ताक घ्या. गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळीचा आठवडा वजन उतरवण्याचे नाहीत. तेव्हा ते वाढू दिलं नाही तरी काम झालं. फराळाचं ताट जेवणानंतर न घेता नाश्त्याच्या जागी घ्या.

डॉक्टरकी करणाऱ्यांकडून

मधुमेहासाठी इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. गोळी तीच आणि पोळ्या निम्म्या, यात रक्तातली साखर 70 च्या खाली जाते: घाम, थरथर, गोंधळ. अशा वेळी शुद्धीवर असलेल्याला तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळीवर असताना भात-पोळी पूर्ण सोडू नका, रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. वजन उतरलं की रक्तदाबही उतरतो. उभं राहताना चक्कर येऊ लागली तर रक्तदाबाच्या गोळीचा डोस कमी करायची वेळ आली असेल. गरोदरपणी आणि अंगावर पाजताना यातलं काही स्वतःहून करू नका. फार झपाट्याने वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होतात. आणि प्रयत्न न करता वजन घटत असेल तर आनंद मानू नका, तपासणी करा.

तेलाच्या हिशोबात एक दुरुस्ती

वर चार माणसं धरली आहेत, पण घरात दोन-तीन वर्षांचं मूल असेल तर त्याचं तेल-तूप कापायचं नाही. वाढत्या मुलाला ते लागतं. भाजी सगळ्यांची एकच करा, त्याच्या वाटीत वरून एक चमचा तूप सोडा, आणि त्याचं तूप बरणीच्या हिशोबातून वेगळं ठेवा. त्याचा उरलेला भात आईने संपवायचा नाही. आधीच अर्ध्या मुदीने वाढा आणि मागितला तर पुन्हा वाढा.