स्क्रूजकडे भुतं तीन की चार? आणि न बोलणारं भूत वाचायचं कसं?

रातकिडा
आम्ही पाच जण मिळून डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'चं (कंजूष स्क्रूजला ख्रिसमसच्या रात्री भुतं भेटतात आणि तो सुधारतो, ती गोष्ट) मराठीतून अभिवाचन करतोय, भाषांतर आमचंच, ओबडधोबड आहे पण चालतंय. वेळ मिळालाय 40 मिनिटं आणि कापून कापून दमलो तरी स्क्रिप्ट 55 च्या खाली येत नाहीये. ग्रुपमधल्या एकाचं म्हणणं की मार्लीला, म्हणजे स्क्रूजच्या मेलेल्या पार्टनरच्या भुताला उडवू, लोकांच्या डोक्यात तसंही 'तीन भुतं' एवढंच असतं, मार्ली येऊन नुसती वर्दी देऊन जातो, ती निवेदक देईल. मला पटत नाहीये पण का ते नीट सांगता येत नाहीये.
दुसरा घोळ तिसऱ्या, भविष्य दाखवणाऱ्या भुताचा. ते सबंध पुस्तकात एक शब्द बोलत नाही, नुसतं बोट दाखवतं. नाटक असतं तर कुणालातरी काळं कापड पांघरून उभं केलं असतं, पण आम्ही खुर्च्यांवर बसून कागद हातात धरून वाचणार, त्यात न बोलणाऱ्याचं करायचं काय??

जुनीवही
मार्लीला उडवलंत तर गोष्टीतलं एकमेव खरंखुरं भूत उडेल. बाकीचे तिघं कधी माणूस नव्हतेच हो. मार्ली मेलेला माणूस आहे, स्क्रूजचा पार्टनर, सात वर्षांपूर्वी ख्रिसमसच्या आदल्या रात्रीच गेलेला, आणि पेढीच्या दारावरचं त्याचं नाव अजून पुसलेलं नाहीये. त्याच्या कमरेच्या साखळीला काय लटकतंय बघा, गल्ल्याच्या पेट्या, किल्ल्या, कुलपं, खतावण्या, दस्तऐवज, पोलादी थैल्या. जन्मभर जे कवटाळलं तेच. वर तो स्क्रूजला सांगतो की तुझी साखळी सात ख्रिसमसमागेच एवढी जड होती, त्यानंतर तू तिच्यात भरच घालतोयस. हे निवेदकाच्या तोंडी घालून बघा, हवामानाचा अंदाज वाटेल.
आणि ते जबड्याला बांधलेलं फडकं! प्रेताला बांधतात तसं. घरात उकडतंय म्हणून सोडावं तसं तो ते सोडतो आणि खालचा जबडा छातीपर्यंत लोंबतो. ही एक ओळ सावकाश वाचा, बाकी काही करू नका.

हरवलेला_स्वल्पविराम
कापायला घाबरू नका, खुद्द डिकन्सने कापलंय. त्याने 1853 च्या डिसेंबरमध्ये बर्मिंगहॅमला हे पहिल्यांदा जाहीर वाचलं तेव्हा तीनेक तास लागले होते, पुढे त्याने स्वतःच ते बरंच आटोपशीर केलं.
माझ्या मते कात्री दुसऱ्या भुतावर चालवा. ते स्क्रूजला खाणकामगारांकडे नेतं, मग दीपगृह, मग जहाज, वाचायला छान आहे पण 40 मिनिटांत नाही बसत. पहिलं भूत दाखवतं तो फेझिविगकडचा (स्क्रूजच्या तरुणपणीच्या मालकाकडचा) नाचही निम्मा करा. फक्त दुसऱ्या भुताच्या झग्याखालची ती दोन हडकुळी पोरं, अज्ञान आणि गरिबी, त्यांना हात लावू नका. यांना कुठे आसरा नाही का, असं स्क्रूज विचारतो आणि भूत त्याचंच आधीचं वाक्य त्याच्या तोंडावर मारतं, तुरुंग नाहीत का, वर्कहाउसं (गरिबांना कामाला जुंपणारी आश्रयगृहं) नाहीत का. पुस्तक 1843 चं आहे, गरिबांना वर्कहाउसात ढकलणारा कायदा 1834 चा, म्हणजे तेव्हाच्या वाचकाला हे चांगलंच झोंबलं असणार.

दीडशहाणा
जरा अवांतर. मार्ली सांगतो की पहिलं भूत उद्या रात्री एकला, दुसरं परवा त्याच वेळी, तिसरं तेरवा बाराच्या ठोक्याला. यावर स्क्रूज म्हणतो, सगळी एकदमच येऊन मोकळी नाही का होणार? 😄 पण तो शेवटी उठतो तेव्हा ख्रिसमसचीच सकाळ, तीन रात्री एका रात्रीत उरकलेल्या. बरं तो झोपतो दोन वाजून गेल्यावर आणि जाग येते तेव्हा घड्याळ बाराचे ठोके देतं, तर याला वाटतं घड्याळात बर्फाचा खडा अडकला असेल. माणूस भुतावर विश्वास ठेवायच्या आधी घड्याळ बिघडवून मोकळा. हे ठेवा, हशा नक्की.

जुनीवही
@दीडशहाणा हो, आणि मार्लीला पण तो आधी अर्धकच्चा बटाटा ठरवतोच की.
रातकिडा, तिसऱ्या भुताबद्दल राहिलंच. त्याला आवाज देऊ नका, 'हूंऽऽ' वगैरे तर अजिबात नको. तिथे स्क्रूजची वाक्यं नीट बघा, बरेचसे प्रश्न आहेत. हे होणारच आहे, की नुसतं होऊ शकतं? उत्तर नाही, बोट स्क्रूजच्याच थडग्याकडे. आतापर्यंत ज्याला-त्याला तोडून बोलणारा माणूस इथे एकटाच बडबडतोय. तर स्क्रूजने प्रश्न वाचायचा आणि सगळ्यांनी गप्प बसायचं, मनात चार आकडे मोजून. मग शेवटी निवेदकाने एवढंच सांगायचं की तो हात पहिल्यांदा थरथरला.

रातकिडा
थँक्यू मंडळी. मार्ली राहतोय, दीपगृह गेलं, 43 वर आलोय.
काल गप्प बसण्याची तालीम केली. स्क्रूजने थडग्यापाशी प्रश्न विचारला, आम्ही सगळे खाली मान घालून मोजतोय, आणि तिसऱ्या आकड्याला निवेदक शेजारच्याला कोपराने ढोसून कुजबुजला, "अरे तुझं वाक्य आहे, वाच की!"