एजंटच्या वेबसाइटवर घर शोधणं सोपं कसं करायचं? २२ फिल्टर आहेत आणि कोणी वापरत नाही

वाकडचा_एजंट
नमस्कार मंडळी. पुण्यात वाकडला छोटं ऑफिस आहे, मी, भाऊ आणि फोन घ्यायला एक मुलगी, बास. रिसेल आणि भाड्याचं जास्त, थोडे नवीन प्रोजेक्ट पण. मागच्या दिवाळीला वेबसाइट करून घेतली, ४० हजार गेले. वर मोठा फोटोंचा स्लायडर फिरतो (गाणं वाजत नाही एवढंच नशीब) आणि सर्चमध्ये २२ फिल्टर, वास्तू, फेसिंग, जिम, स्विमिंग पूल, काय विचारू नका. पण माझ्याकडे लिस्टिंग जेमतेम ६०, त्यामुळे माणसानं चार टिकमार्क केले की "काहीही सापडलं नाही" येतं आणि तो निघून जातो. जे फोन करतात ते परत तेच विचारतात, कार्पेट (आत वापरता येणारी जागा) किती, फायनल किती, पार्किंग कव्हर्ड आहे का. मग साइट कशाला काढली?
आता नव्यानं करायचीये. मोठ्या पोर्टलसारखी करू का? मॅप टाकू का? आणि बिल्डिंगचं नाव लिहिलं की गिऱ्हाईक थेट वॉचमनला गाठतं, त्याचं काय करायचं ते पण सांगा.

कोडवाला_पुणेकर
दादा, मी अशा चार-पाच साइट केल्यात म्हणून बोलतो. तुमच्या डेव्हलपरनं बहुतेक अमेरिकन थीम उचललीये. तिकडे एमएलएस असते, एजंट लोक आपापली घरं एकाच ठिकाणी चढवतात, म्हणून छोट्या एजंटच्या साइटवर पण हजारो घरं दिसतात आणि २२ फिल्टर खपून जातात. आपल्याकडे तसं फारसं चालत नाही, ज्याची लिस्टिंग त्याच्या डायरीत. ६० घरांना चार फिल्टर पुरतात: विकत का भाड्यानं, एरिया, बीएचके, बजेट. बाकीचं सगळं घराच्या पानावर लिहा, लोक वाचतात.
बजेटचा तो सरकवायचा स्लायडर काढा, मोबाइलवर अंगठ्यानं ८० लाखावर थांबवून दाखवा बरं. सरळ "५० ते ७० लाख" अशी बटणं द्या. आणि किंमत ७५,००,००० अशी आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम देऊन नाहीतर ७५ लाख अशीच दिसली पाहिजे, मी ७,५००,००० लिहिलेली पण साइट बघितलीये, शून्यं मोजत बसायचं.
सर्चमध्ये खरा घोळ स्पेलिंगचा. वाकड कोणी डब्ल्यूनं लिहितो कोणी व्हीनं, सूस एका यूनं का दोन ओनं ते तर देवालाच ठाऊक, आणि कोण मराठीत टाइप करतं. म्हणून प्रत्येक एरियाची सगळी रूपं डेटाबेसमध्ये भरून ठेवायची. म्हाळुंगे तर दोन आहेत, एक बालेवाडीजवळचं आणि एक चाकणकडचं, त्यामुळे तिथे "कुठलं?" असं विचारलंच पाहिजे.
काही सापडलं नाही तर रिकामं पान दाखवायचंच नाही, वाकडमध्ये नसेल तर थेरगाव, पुनावळे, ताथवडे दाखवा, तुम्ही फोनवर पण हेच करता की.
आणि सगळ्यात महत्त्वाचं व्हॉट्सअ‍ॅप. घर एकटा माणूस घेत नाही, लिंक बायकोला, सासऱ्यांना, त्या एका मित्राला जाते. लिंक टाकली की फोटो, किंमत, एरिया दिसला पाहिजे, त्याला ओजी टॅग (प्रीव्ह्यूत काय दिसावं ते सांगणारा कोड) लागतात आणि ते सर्व्हरकडूनच आले पाहिजेत, सगळं पान ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टनं बनत असेल तर प्रीव्ह्यू कोराच येतो. फोटो पण फोनमधले ४-४ एमबीचे तसेच चढवू नका, रुंदी १२०० पिक्सेलपर्यंत करून वेबपी (हलका फोटो फॉरमॅट) करा.

भाड्याला_कंटाळलेली
मी दीड वर्ष घर शोधतीये, मला पण बोलू द्या 🙏
आधी कार्पेट लिहा. सेलेबल ९५०, सुपर बिल्टअप अमुक, हे जिना-लॉबी धरून फुगवलेले आकडे बघून वैताग आलाय. रेरामध्ये (घरखरेदीच्या कायद्यात) कार्पेटची व्याख्या स्पष्ट आहे, आतल्या भिंती धरतात, बाल्कनी धरत नाहीत, मग बाल्कनी वेगळी लिहा ना. दुसरं म्हणजे किंमत. "८० लाख" वाचून आम्ही गेलो, घर अंडर कन्स्ट्रक्शन होतं, त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे ४ लाख, स्टँप ड्युटी पुण्यात ७ टक्के म्हणजे ५ लाख ६०, रजिस्ट्रेशन ३० हजार, झाले ८९ लाख ९० हजार आणि पार्किंग अजून बाकी. नवऱ्यानं गाडीत बसल्यावर मोबाइलवर हिशोब केला आणि घरी येईपर्यंत कोणी काही बोललं नाही. एकट्या बाईच्या नावावर घर असेल तर ड्युटी १ टक्का कमी लागते हे पण कुणी लिहीत नाही. तुमच्या साइटवर असा हिशोब पानावरच दिसला तर मी तरी दुसरीकडे जाणार नाही.
आणि गेलेली घरं काढा हो. फोन केला की "ते कालच गेलं मॅडम, पण माझ्याकडे दुसरं आहे". दर वेळी कालच कसं जातं?
टँकर लागतो का तेही लिहा. कोणीच लिहीत नाही.

वाकडचा_एजंट
मॅडम टोला बसला 😅 पण टँकरचं लिहिलं तर मालक पुढच्या वेळी चावी देणार नाही.

नाशिकचा_पाटील
२० वर्षं याच धंद्यात आहे. वॉचमनची भीती मला पण होती. रिसेलला मी बिल्डिंगचं नाव टाकत नाही, मॅपवर पिन पण नाही, साधारण अर्धा किलोमीटरचा गोल दाखवतो आणि मजला, इमारतीचं वय, जवळची शाळा लिहितो. मॅपला गूगलचं बिल नको असेल तर लीफलेट आणि ओपनस्ट्रीटमॅप (फुकटातली मॅपची साधनं) वापरा, आमच्या पोरानं तेच लावलंय. नवीन प्रोजेक्टला मात्र नाव लपवायचं नाही, तिथे महारेरा नंबर (रेराच्या राज्य प्राधिकरणाकडचा प्रोजेक्टचा नोंदणी क्रमांक) टाकावाच लागतो आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड पण, नाहीतर ५० हजारांपर्यंत दंड आहे. हे डेव्हलपरला माहीत नसतं, तो कोपऱ्यात बारीक अक्षरात टाकतो नाहीतर विसरतो. प्रोजेक्टची लिस्टिंग चढवताना नंबरचा रकाना भरल्याशिवाय सेव्हच होऊ नये असं करून घ्या. तुमचा स्वतःचा ए नं सुरू होणारा एजंट नंबर पण खाली प्रत्येक पानावर.
प्लॉट करत असाल तर त्याचा फॉर्म वेगळा ठेवा. बीएचके विचारून काय उपयोग, तिथे गुंठे लागतात (१ गुंठा म्हणजे १०८९ स्क्वेअर फूट, शहरातल्या लोकांना दोन्ही दाखवा), एनए (बिगरशेती) आहे का, रस्ता किती फुटी, सातबारा कोणाच्या नावावर.
फोन नंबर आणि ओटीपी घेतल्याशिवाय फोटो न दाखवणं हा शहाणपणा करू नका. मी केला होता. लोक खोटा नंबर टाकतात नाहीतर पळतात.

कोडवाला_पुणेकर
पाटील साहेब गोल दाखवायची आयडिया भारी. गेलेल्या घरांबद्दल एक, पान उडवू नका, गूगलवर आलेलं असतं. "हे गेलं" असं मोठं लिहून खाली तसलीच तीन घरं दाखवा. आणि प्रत्येक लिस्टिंगवर "शेवटचं तपासलं" म्हणून तारीख, १५ दिवस कोणी हात लावला नाही तर ती आपोआप लपली पाहिजे.

वाकडचा_एजंट
काल रात्री बसून एकेका मालकाला फोन केले. ६० पैकी १७ आधीच गेलेली निघाली, दोघांनी तर किंमत वाढवलीये आणि मला पत्ताच नाही. मॅडम, माफी. पाण्याचं एकाला विचारून बघितलं, तो म्हणाला लिहा, नाहीतरी आल्यावर विचारतातच. बाकी ४३ घरांचं कार्पेट अ‍ॅग्रीमेंट बघून भरायला घेतलंय, तीन ठिकाणी मालकालाच माहीत नाही, टेप घेऊन जावं लागणार. डेव्हलपरला ह्याच धाग्याची लिंक पाठवलीये, "स्लायडर तरी ठेवूया ना सर" म्हणतोय.