दुसरं पिल्लू घरात आलंय, जुनी मांजरी बिथरली आहे. काय करू?

पाऊलखुणा, डोंबिवली

नमस्कार मंडळी, मांजरं पाळणाऱ्यांनी जरा वेळ काढून वाचा.

आमच्याकडे बर्फी आहे. पाच वर्षांची गावठी मांजरी, पांढरी आणि पाठीवर करडे पट्टे. नसबंदी झालेली, लसी वेळेवर. घर वन बीएचके, तिसरा मजला, सगळ्या खिडक्यांना जाळी. स्वयंपाकघराला लागून छोटी ड्राय बाल्कनी आहे, तिथे वॉशिंग मशीन असतं. तिलाही जाळी आणि दार आहे. घरात मी, नवरा आणि सासूबाई. बर्फी पहिल्यापासून एकटीच राहिलेली. दिवसा फ्रिजवर, दुपारी सासूबाईंच्या खाटेवर आणि रात्री आमच्या बेडवर पायथ्याशी.

परवाच्या त्या मुसळधार पावसात पार्किंगमधल्या एका गाडीच्या बॉनेटमधून पिल्लू ओरडत होतं. वॉचमनकाकांनी आणि मी मिळून काढलं. काळा कुळकुळीत बोका, डॉक्टर म्हणाले अडीच महिन्यांचा असेल. जंताचं औषध दिलंय, पहिली लस पुढच्या आठवड्यात. नाव काजळ्या. आल्यापासून बेडरूममध्ये बंद ठेवलाय, दोघांनी अजून एकमेकांना पाहिलेलंही नाही.

तरी बर्फीचं सगळं बिनसलंय. दाराच्या फटीला नाक लावून गुरगुरत बसते. मी बेडरूममधून बाहेर आले की माझ्या हाताचा वास घेऊन माझ्यावरच फिस्कारते. खाणं निम्म्यावर आलंय. काल बेडरूमबाहेरच्या पायपुसण्यावर शू केली, जे तिने आजवर कधीच केलं नव्हतं.

सासूबाई म्हणतात, "अगं, उघड ते दार. दोन फटके मारेल आणि गप्प बसेल." नवरा म्हणतो, पिल्लाला चांगलं घर शोधू. मला दोघं हवेत, पण बर्फीच्या जिवावर नको. एवढ्याशा घरात हे जमतं का? किती दिवस वाट बघायची? तिची शू आणि खाणं, यात काळजीचं किती?

---

माळावरचा

तुमच्या सासूबाई बरोबर सांगताहेत. आमच्याकडे वाई भागात शेतावरच्या घरात कायम सात-आठ मांजरं. नवीन आलं की जुनी दोन दिवस फिस्कारतात, एखादी चापट मारतात, मग सगळी एका परातीत दूध पितात. माणसांनी मध्ये पडलं की जास्त बिघडतं. दार उघडून टाका.

---

दोनखोल्या, गिरगाव

ताई, कृपा करून दार उघडू नका. माळावरचा यांनी सांगितलं ते शेतावरच्या घरात खरंच होतं, कारण तिथे न पटणाऱ्या मांजराला जायला जागा असते. गोठा आहे, माळा आहे, बांध आहे. बरेचदा ती मांजरं एकमेकांच्या मावश्या-भाच्या असतात, एकाच घराण्यातली. जाळी लावलेल्या वन बीएचकेत हरलेलं मांजर जाणार कुठे? ते कपाटाखाली जातं आणि तिथेच राहतं. पहिली भेट रक्त निघेपर्यंत गेली, तर ती दोघांच्याही डोक्यातून काढायला महिने लागतात.

मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकेतलं रानमांजर, एकट्याने शिकार करणारं. कळपात राहायची सवय रक्तात नाही. बर्फीच्या लेखी ते घर म्हणजे तिचा इलाका, आणि कुणालातरी तिथे ठेवलंय हे तिला वासाने कळलंय. ती वागतेय ते अगदी योग्य वागतेय.

आता तुम्ही लिहिलेली एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. बर्फी रात्री तुमच्या बेडवर पायथ्याशी झोपायची. म्हणजे पिल्लाला जी खोली दिली ती तिची खोली होती. तिच्या बाजूने बघा: एका रात्रीत अंथरूण गेलं, दार बंद झालं आणि आतून परक्या बोक्याचा वास यायला लागला. नव्या मांजराला नेहमी जुन्याला सगळ्यांत कमी प्रिय असलेली जागा द्यावी. तुमच्याकडे ती ड्राय बाल्कनी आहे. पावसाची झड आत येत नसेल तर काजळ्याला आजच तिकडे हलवा. एक पुठ्ठ्याचं खोकं, त्यात जुनी चादर, एका टोकाला शू-शीचा ट्रे, दुसऱ्या टोकाला पाणी आणि जेवण. मशीनच्या मागची फट मात्र नीट बुजवा, पिल्लू तिथे घुसून अडकतं. मशीन लावण्याआधी ड्रममध्ये हात घालून बघायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. बेडरूमच्या चादरी धुऊन काढा आणि रात्री बर्फीला तिचा पायथा परत द्या. एवढ्यानेच तिचं खाणं सुधारेल असं मला वाटतं.

आमच्या घरी चाळीतल्या दोन खोल्या, माणसं चार. शालू जुनी, आठ वर्षांची आणि अतिशय मानी. बोका धाकट्या मुलीने आणला. आम्ही आधी फक्त नाकाचं काम केलं. मांजराच्या गालात, ओठांच्या कडेला वासाच्या ग्रंथी असतात. ती दाराच्या चौकटीला, आपल्या पायाला गाल घासतात ते त्यासाठीच. स्वच्छ सुती मोजा घ्या, हातात घालून काजळ्याचे गाल हलके चोळा. तो मोजा बर्फीच्या ताटलीपासून चार हातांवर ठेवा, नाकाशी धरू नका. दुसरा मोजा बर्फीच्या गालांवर फिरवून काजळ्याच्या खोक्यात. शालूने पहिल्यांदा मोजा हुंगला, तोंड अर्धवट उघडून तशीच थांबली (टाळूत एक वास ओळखायचं इंद्रिय असतं, त्यासाठी) आणि मग मोज्यावर फिस्कारून निघून गेली. आम्ही मोजा तिथेच राहू दिला. जेव्हा ती मोज्याकडे न बघता शेजारी बसून मांदेली खायला लागली, तेव्हा पुढची पायरी घेतली.

पुढची पायरी म्हणजे बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. सुरुवातीला दारापासून लांब, मग दोघं शांतपणे खात असतील तर रोज ताटल्या थोड्या जवळ सरकवायच्या. गुरगुर झाली की पुन्हा मागे. उकडलेलं चिकन, मीठ-मसाल्याशिवाय, हे आमच्याकडे फक्त त्या वेळीच मिळायचं. सुकट-बोंबील देऊ नका, त्यात मीठ फार.

नजरानजर शेवटी. मी सुताराकडून स्वयंपाकघराच्या दाराला मच्छरजाळीची चौकट बसवून घेतली, खालच्या भागाला तारेची जाळी. पहिल्या दिवशी शालूचे कान आडवे झाले, डोळ्यांच्या काळ्या बाहुल्या मोठ्या झाल्या, शेपटीचं फक्त टोक आपटत होतं. बोका खुशाल जाळीला पंजे लावून उभा. मी दोघांच्या मध्ये पुठ्ठा सरकवला, शालूला खायला दिलं आणि त्या दिवसापुरतं थांबवलं. रोखून बघणं ही मांजरांत धमकी असते. फिस्कारणं मात्र चालतं, ते "लांब राहा" एवढंच सांगणं आहे. त्यावर ओरडलात तर ते बंद होईल आणि थेट पंजा येईल. शालू एकदा जाळीसमोर आली, सावकाश डोळे मिटले, उघडले आणि पाठ करून पंजा चाटत बसली, तेव्हा मला हायसं वाटलं. परक्याकडे पाठ करून अंग चाटणं म्हणजे भीती उतरली.

किती दिवस, हे बर्फी ठरवेल. कुणाचं दोन-तीन आठवड्यांत होतं, आमच्याकडे गणपतीला सुरुवात केली आणि मोकळं सोडायला दिवाळी उलटली.

आणखी एक. दोघं गळ्यात गळा घालून झोपावीत अशी अपेक्षा धरू नका. आमची आजही वेगवेगळी झोपतात. चाळीतल्या सामाईक नळासारखं त्यांचं चालतं, ज्याची वेळ तो पाणी भरतो. सकाळी खिडकी शालूची, दुपारनंतर बोक्याची. भांडण नाही, भीती नाही, दोघं पोटभर खातात. मला हे भरपूर वाटतं.

---

टाके_आणि_पट्टी

प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून बरीच वर्षं काम करते, म्हणून तब्येतीच्या बाजूने लिहिते. तपासणी मात्र तुमच्या डॉक्टरांकडूनच.

काजळ्याला निदान दोन आठवडे वेगळं ठेवायचंच आहे, स्वभाव जुळो न जुळो. बाहेरून आलेल्या पिल्लात मांजरांचा पार्वो, म्हणजे पॅनल्यूकोपेनिया, दबा धरून असू शकतो. तो विषाणू घरात वर्षभरही तग धरतो. बर्फीचा बूस्टर झालाय का ते कार्ड काढून बघा. काजळ्याचा पहिला डोस झाला की तीन-चार आठवड्यांनी पुढचा लागेल, मग रेबीज. कुठे केस जाऊन गोल चट्टा दिसला तर लगेच दाखवा. गजकर्ण बर्फीलाही होतं आणि सासूबाईंनाही. एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू) आणि मांजरांच्या ल्युकेमिया विषाणूची रक्ततपासणी करून घ्या. इतक्या लहान पिल्लात एफआयव्ही पॉझिटिव्ह आली तरी घाबरू नका, आईच्या अँटिबॉडीमुळे तसं दिसू शकतं, पिल्लू सहा महिन्यांचं झाल्यावर पुन्हा करतात.

पिसवा असतील तर कुत्र्यांचं मानेवर टाकायचं औषध चुकूनही वापरू नका. त्यातल्या परमेथ्रिनने मांजर दगावतं. पायपुसण्याची जागा फिनाईलने पुसू नका, तेही मांजरांना विषारी आहे, आणि पंजे चाटले की पोटात जातं. शूवर चालणारं एन्झाइमचं क्लीनर मिळतं ते वापरा आणि पायपुसणं सरळ टाकून द्या. वास राहिला तर ती तिथेच परत जाईल.

शू एकदाच झाली असेल तर ताणामुळे असेल. पण बर्फी वारंवार ट्रेमध्ये जाऊन बसतेय, थेंब-थेंब होतेय, रक्त दिसतंय, सारखी तिथे चाटतेय, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. ताणामुळे मूत्राशयाला सूज येते. बोक्यांमध्ये तर लघवीचा मार्ग पूर्ण बंद होऊ शकतो आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. ज्यांच्याकडे बोके आहेत त्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवा. बद्धकोष्ठ समजून घरी तेल पाजत बसतात आणि आमच्याकडे फार उशिरा आणतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

खाणं निम्म्यावर आलंय, त्यावर नजर ठेवा. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते, जाड्या मांजरांत तर फार पटकन.

ट्रे तीन हवेत, दोन मांजरं आणि एक जास्त. शेजारी-शेजारी ठेवलेले दोन ट्रे मांजराच्या हिशेबी एकच जागा. विकतचे महाग वाटले तर पसरट प्लास्टिकचे टब चालतात.

---

पाऊलखुणा, डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, मध्ये काजळ्याची लस आणि तपासण्या उरकल्या. दोन्ही तपासण्या निगेटिव्ह आहेत. बर्फीची लघवीही तपासली, स्वच्छ आहे.

काजळ्याला त्याच संध्याकाळी ड्राय बाल्कनीत हलवलं. बर्फी दोन रात्री बेडरूमच्या दारापर्यंत यायची आणि परत फिरायची. तिसऱ्या रात्री बेडवर चढली, सगळी चादर हुंगली आणि माझ्या पायांवर अंग टाकलं. मी हललेसुद्धा नाही. खाणं आता पूर्ववत आहे. मोज्यांचं काम सासूबाईंनी अंगावर घेतलंय. आता त्याच मला सांगतात, "घाई करू नकोस."

सध्या ड्राय बाल्कनीच्या बंद दाराशी दोघं जेवतात, ताटल्या अगदी दाराला टेकल्यात. काजळ्या दाराखालून पंजा काढतो. बर्फी बघते, कधीकधी हुंगते, खात राहते. जाळीची चौकट उद्या बसेल. पण एक शंका आहे. रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा बर्फी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आडवी पसरली होती, त्या दाराकडे तोंड करून. झोपलेली नव्हती. हे चांगलं की वाईट?

---

माळावरचा

तुमच्याकडचं वाचून आनंद झाला. कोंडलेल्या घराचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, आमच्याकडे दारं रात्रंदिवस उघडीच असतात. काजळ्याचा फोटो टाका.

---

दोनखोल्या, गिरगाव

ताई, फार छान चाललंय. बेडवर परत आली ही मोठी गोष्ट आहे. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

उंबऱ्याबद्दल विचारलंत ते चांगलं केलंत, बहुतेकांना ते लक्षातच येत नाही. मांजर असं वाटेत आडवं पसरतं तेव्हा ते बरेचदा पहारा देत असतं. आज दार बंद आहे म्हणून काही बिघडत नाही. पण काजळ्या मोकळा झाल्यावर ती अशीच वाट अडवून बसली, तर तो ट्रेपर्यंत जाणार नाही आणि कुठेतरी कोपऱ्यात करेल. सगळे म्हणतील पिल्लाला शिस्त नाही, आणि अडचण असेल उंबऱ्यात. म्हणून एक ट्रे हॉलमध्ये ठेवा, सासूबाईंच्या खाटेच्या पलीकडे, म्हणजे कुणालाच एकाच वाटेने जावं लागणार नाही. स्वयंपाकघरातून बाहेर पडायला उंचावरूनही रस्ता द्या. फ्रिज बर्फीचाच राहू द्या. ओट्याच्या दुसऱ्या बाजूला भिंतीत एक फळी ठोका, ती काजळ्याची. जमिनीची जागा कमी असली तरी भिंती आहेतच.

जाळी बसली की पहिले काही दिवस खालचा अर्धा भाग चादरीने झाका आणि रोज थोडी वर सरकवा. जाळीसमोर दोघं सलग आठवडाभर निवांत जेवली की मग दार उघडायचं, तेही काजळ्याला खेळवून दमवल्यानंतर, कारण पिल्लांची मस्ती मोठ्या मांजराला सोसत नाही. त्या वेळी हातात मोठा पुठ्ठा ठेवा. जुंपली तर मध्ये पुठ्ठा सरकवायचा, हात घालायचा नाही. भडकलेलं मांजर समोर येईल त्याला चावतं, मग तुम्ही कितीही लाडक्या असा. घरी कुणी नसताना मात्र अजून बरेच दिवस दार बंदच ठेवा.

आणि काजळ्या पाच महिन्यांचा होईल त्याच्या आधीच नसबंदीची तारीख डॉक्टरांशी बोलून ठरवा. एकदा भिंतींवर शूचे फवारे सुरू झाले की बर्फीचं सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. चौकट बसल्यावर काय झालं ते इथे लिहा, मी बघत राहीन.