'फेइरा' म्हणजे आधी सुट्टी, मग बाजार

पोर्तुगीजमध्ये सोमवारला 'सेगुंदा-फेइरा' म्हणतात. त्याचा अर्थ 'दुसरा बाजारदिवस' असं कुणी सांगतं, ते पटत नाही. आजच्या पोर्तुगीजमध्ये फेइरा म्हणजे बाजार हे खरंच, पण वारांच्या नावांतला फेइरा बाजारातून आलेला नाही. मूळ लॅटिन शब्द 'फेरिआए': देवकार्यासाठी कामधंदा आणि कोर्टकचेऱ्या बंद ठेवण्याचे दिवस. स्त्रीलिंगी, आणि अभिजात लॅटिनमध्ये नेहमी अनेकवचनी. 'फेरिआ' हे एकवचन नंतरचं. जुनं रूप 'फेसिआए'. दोन स्वरांमधल्या 'स'चा लॅटिनमध्ये 'र' झाला. 'फेस्तुस' (सणाचा) या लॅटिन शब्दात पुढे 'त' असल्यामुळे तो 'स' टिकला, म्हणून गोव्यातलं फेस्त, म्हणजे चर्चचा सण, याच कुळातलं.

मंगळ, बुध वगैरे रोमन देवांची नावं टाळायला चर्चने वारांना आकडे दिले. रविवार पहिला, म्हणून सोमवार 'फेरिआ सेकुंदा'. बाकी पश्चिम युरोपात हे बहुतांशी चर्चच्या पूजाविधींच्या पुस्तकांतच राहिलं, पोर्तुगीजांनी मात्र बोलीत उतरवलं. बाजाराचा अर्थ सणाला जमणाऱ्या गर्दीमुळे चिकटला, गोव्यातल्या फेस्ताच्या फेरीत, म्हणजे सणाच्या बाजारात, तो आहेच (आपली चक्कर मारायची फेरी वेगळी).

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की फ्रेंचमध्ये 'झूर फेरिए' म्हणजे सार्वजनिक सुट्टी, आणि इटालियनमध्ये 'जोर्नो फेरिआले' म्हणजे कामाचा दिवस! चर्चच्या पंचांगात सण नसलेला साधा वार तो फेरिआ, त्यातून हा उलटा अर्थ आला. सुट्ट्यांना मात्र इटालियन लोक अजून 'फेरिए'च म्हणतात, तेही अनेकवचनात.