नऊ वर्षांच्या मुलाला मिसिसिपीला न्यावं का?

सदाफुली (धागाकर्ती)

शिकागोच्या दक्षिण भागात आम्ही अकरा वर्षं राहतोय. शेजारी कृष्णवर्णीय कुटुंब आहे: आजी, तिची मुलगी आणि नऊ वर्षांचा नातू. मुलगी माझ्याच वयाची, आमची ये-जा थेट स्वयंपाकघरापर्यंत. यंदा शाळेला सुट्टी लागली की मुलाला गाडीत घालून मिसिसिपीला जायचं, पणजीचं गाव दाखवायचं, आणि वाटेत समनरचं कोर्टही दाखवायचं, असं तिने ठरवलंय. आजी म्हणते, मी येणार नाही आणि पोरालाही नेऊ नकोस. पंधरा दिवस झाले, मायलेकी एकमेकींशी जेवढ्यास तेवढंच बोलतात.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी समनरबद्दल थोडं सांगते. ऑगस्ट १९५५ मध्ये शिकागोचा चौदा वर्षांचा एमेट टिल सुट्टीला मिसिसिपीत नातेवाइकांकडे गेला. त्याची आई मेमी हिच्या मनात त्याला पाठवायचं नव्हतं. तिने गाडीने ओमाहाला जायचं ठरवलं होतं, पण पोराने हट्ट धरला. तिकडे गोऱ्यांसमोर कसं वागायचं हे तिने त्याला बजावून सांगितलं, आणि निघताना त्याच्या बापाची, एल. टी. अक्षरं कोरलेली अंगठी त्याला दिली. आठवडाभरातच गोऱ्या माणसांनी त्याला रात्री घरातून उचलून ठार मारलं. नदीतून काढलेला देह ओळखू आला तो त्या अंगठीवरून. आईने शिकागोत शवपेटी उघडी ठेवली आणि माझ्या मुलाचं काय केलंय ते जगाला बघू दे म्हणाली. खटला समनरच्या कोर्टात चालला. ज्युरीत सगळे गोरे पुरुष होते. तासाभरात आरोपी सुटले.

आमच्या शेजारच्या आजी तेव्हा सात वर्षांच्या होत्या. त्याही दर उन्हाळ्यात मिसिसिपीला जायच्या. रेल्वेच्या जेवणाच्या डब्यात आपल्याला कोण वाढणार, म्हणून त्यांची आई बुटांच्या खोक्यात तळलेलं चिकन, उकडलेली अंडी आणि केकचा तुकडा मेणकागदात बांधून द्यायची. दक्षिणेकडच्या राज्यांच्या वेशीवरचं केअरो स्टेशन आलं की कृष्णवर्णीयांना उठून वेगळ्या डब्यात जावं लागे. त्या खोक्याचा वास मला अजून येतो, असं आजींनी एकदा मला सांगितलं होतं. १९५५ नंतर ते खोकं पुन्हा कधी भरलं गेलं नाही. एमेटच्या मृतदेहाचा फोटो छापलेला 'जेट' या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाचा अंक त्यांच्या आईने कपाटात चादरींखाली लपवला होता, आणि आजींनी तो शोधून पाहिला.

माझं मत स्पष्ट आहे. न्यावं, आणि आईनेच न्यावं. हे सगळं त्या मुलाला कुठून ना कुठून कळणारच आहे. कळेल तेव्हा शेजारी आई असावी, चादरींखाली लपवलेला अंक नसावा.

वाटसरू

पूर्ण असहमत. नऊ वर्षांचं मूल म्हणजे चौथीतलं पोर. गोऱ्या घरातली मुलं त्याच सुट्टीत समुद्रावर वाळूचे किल्ले करतात. कृष्णवर्णीय मुलाने मात्र सुट्टीतही खुनाची जागा पाहायची? त्या आईलाही विश्रांतीचा हक्क आहे, निव्वळ मजेसाठी प्रवास करायचा हक्क आहे.

आणि आता ते सगळं संपलंय असंही नाही. एमेटचा देह जिथे सापडला तिथली पाटी २००८ पासून वारंवार तोडली, चोरली, गोळ्यांनी चाळणी केली. शेवटी २०१९ मध्ये बुलेटप्रूफ पाटी लावावी लागली. मारलेल्या पोराच्या नावावर आजही कुणीतरी गोळ्या झाडतं, हे नऊ वर्षांच्या मुलाला तुम्ही कसं समजावणार? माझाही मुलगा त्याच वयाचा आहे, म्हणून पोटतिडकीने लिहितोय.

तळटीप

सगळी चर्चा कोर्टाभोवतीच चाललीय. त्या प्रवासाचा अर्धा भाग पणजीचं गाव आहे ना? त्याबद्दल लिहितो.

आपल्याकडे कुणाला नाशिकचा, कुणाला त्र्यंबकेश्वरचा तीर्थोपाध्याय असतो, त्याच्या वहीत चार-पाच पिढ्यांची नावं मिळतात. कृष्णवर्णीय अमेरिकन माणूस मागे जायला लागला की १८७० च्या जनगणनेपाशी भिंत लागते. त्याआधी १८५० आणि १८६० मध्ये गुलामांच्या वेगळ्या याद्या झाल्या, पण त्यांत नाव मालकाचं. खाली नुसतं वय, लिंग, वर्ण. म्हणजे पणजीची पणजी तिथे 'स्त्री, ३०, काळी' एवढीच असते.

त्याच्याही मुळाशी व्हर्जिनियाचा १६६२ चा कायदा आहे. मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरेल, असं त्यात लिहिलं. बाप मालक असला तरी मूल गुलामच. आईच्या कुशीतून वारसा म्हणून गुलामी द्यायची, ही तरतूद कायद्याच्या भाषेत केली होती. मिशेल ओबामांच्या घराण्यातली मेल्विनिया सहा वर्षांची असताना मालकाच्या मालमत्तेच्या यादीत होती, किंमत ४७५ डॉलर. त्या यादीमुळे निदान तिचं नाव उरलं.

गुलामी संपवणारं यादवी युद्ध झाल्यावर, आधी विकल्या गेलेल्या मुलांना आयांनी वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन शोधलं. न्यू ऑर्लिन्सच्या एका मेथडिस्ट साप्ताहिकात १८७७ पासून तसं सदरच होतं. जाहिरातीचे पन्नास सेंट पडायचे, आणि पाद्री ती चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवायचे. वीस-तीस वर्षांपूर्वी तुटलेलं मूल, आणि आईकडे फक्त नाव आणि मालकाचं आडनाव.

म्हणून न्यावं असं माझं मत. कोर्ट पाहिलं नाही तरी चालेल. पण चर्चमागच्या दफनभूमीत आपल्या आडनावाचा दगड त्या मुलाने हाताने चाचपून पाहावा.

केतकी

आजींच्या बाजूने इथे कुणीच बोललं नाही, म्हणून मी बोलते. सदाफुलीताई, तुम्ही 'आईनेच न्यावं' लिहिलंत. आजीही आईच आहेत. त्यांच्या आईने अंक लपवला तो भित्रेपणा नव्हता. सात वर्षांच्या मुलीला रात्री झोप लागावी म्हणून केलेली ती सोय होती. मेमीने जगाला दाखवलं, या माउलीने लेकीपासून लपवलं. दोघी आयाच ना?

ज्या बाईने ते भय अंगावर काढलंय ती नको म्हणत असेल, तर तिचं वजन आपल्या सगळ्यांच्या मतांपेक्षा जास्त आहे. निदान तिला विचारा तरी, तुम्हाला तिथे नक्की काय दिसेल अशी भीती वाटते?

नागपूरकर

मी दहा वर्षांचा असताना आईने मला तिच्या माहेरी नेऊन एक विहीर दाखवली. "इथे माझ्या आजीला पोहरा लावू देत नव्हते," एवढंच म्हणाली आणि मग त्याच विहिरीचं पाणी मला पाजलं. मी घाबरलो नाही. मला आईचा हात आठवतो, तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नावच अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतलं. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत ड्यूबॉइस यांना पत्र लिहिलं होतं. तेव्हा हा विषय आमच्यापासून लांबचा नाही. लपवल्याने मूल सुरक्षित राहत नाही, ते एकटं पडतं. शाळेत कुणी पहिल्यांदा जात विचारली तेव्हा माझ्याकडे उत्तर होतं, ते त्या विहिरीमुळे.

वाटसरू

नागपूरकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पण तुमच्या आईने तुम्हाला पाणी पाजलं, शेवट तिने बदलून दाखवला. समनरच्या कोर्टात असं काय पाजणार? तिथे तर आरोपी सुटले. माझं मत तेच आहे, बारा-तेरा वर्षांचा होऊ द्या. दफनभूमीचं मात्र पटलं. तिथे आज न्यायलाही हरकत नाही.

सदाफुली (धागाकर्ती)

वाटसरू, ओबामांनी २००९ मध्ये घानातला केप कोस्टचा किल्ला पाहिला तेव्हा मुली बरोबर होत्या. धाकटी आठ वर्षांची. गुलामांना कोंडायच्या तळघरांवर तिथे चर्च होतं. ते आईबाप दोघंही विचार केल्याशिवाय मुलींना नेणारे नव्हेत. आणि समनरमध्ये दाखवण्यासारखं आहे. आपला मुलगा मारला गेल्यावर महिनाभरात मेमी त्याच कोर्टात साक्षीला उभी राहिली, त्याच मिसिसिपीत. ती जागा मुलाला दाखवायची.

केतकी, तुमचा प्रश्न मी काल संध्याकाळी आजींना विचारला. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, मला तिथलं काही दिसायची भीती नाही. मी दारात उभी राहून गाडी जाताना बघायची, त्याची भीती आहे.

नंतर त्यांनी मला कागद-पेन आणायला सांगितलं. त्यांचा हात कापतो म्हणून मी लिहिलं. गावच्या चर्चमागे पुरलेल्या माणसांची चार नावं, आणि पाचवी एक मावशी, जिचं खरं नाव त्यांना आठवेना, फक्त लाडाचं आठवलं. कागद त्यांनी घडी करून पाकिटात ठेवलाय. लेकीला अजून दिलेला नाही. पोराला नेऊ नये, हे मत मात्र कायम आहे.