वाकणारा आरसा स्पंद आखूड कसा करतो

वाकणाऱ्या आरशाने लेसरचा स्पंद, म्हणजे प्रकाशाचा अगदी क्षणभराचा झोत, आखूड करता येतो म्हटलं की प्रश्न येतो: आरसा वाकवला तर किरण फार तर फोकस होईल, स्पंदाचा कालावधी कसा बदलेल? शंका रास्त आहे. गोम आरशाच्या आधी बसवलेल्या ग्रेटिंगमध्ये (बारीक समांतर रेघांच्या पट्टीत) आहे. ग्रेटिंग रंग वेगळे करतं, लेन्स किंवा वक्र आरसा त्यांची ओळ लावतो आणि प्रत्येक रंग आरशाच्या वेगळ्या जागी पडतो. परतताना सगळे पुन्हा एकत्र येतात.

८०० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी आरसा एखाद्या जागी ४०० नॅनोमीटर मागे सरकला तरी त्या रंगाची फेज (लहर आवर्तनात कुठे आहे ते) पूर्ण एका आवर्तनाने बदलते, कारण अंतर जाता-येता दुप्पट होतं. आणि नुसता तिरका केलात तर अख्खा स्पंद मागेपुढे होतो, बस्स! आकार बदलायला बाकच हवा.

याची गरज का, तर काचेत प्रत्येक रंग वेगळ्या वेगाने जातो, त्यामुळे २० फेम्टोसेकंदांचा (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षावा भाग) स्पंद १ सेंटिमीटर क्वार्ट्झ काचेतून गेला की पन्नास फेम्टोसेकंदांच्या वर पसरतो; रंगांमधला हाच फरक आरशाचा बाक भरून काढतो.

पातळ पडद्याचे आरसे विद्युतदाबाने फक्त ओढता येतात, ढकलता येत नाहीत. म्हणून सुरुवातच अर्धवट ओढलेल्या स्थितीतून करतात. मग संगणक दाब बदलत राहतो आणि स्फटिकातून निघणारा दुप्पट वारंवारतेचा प्रकाश वाढला, म्हणजे स्पंद आखूड झाला, की तो बदल ठेवतो. २००० साली कोलोरॅडो विद्यापीठातल्या मर्नेन-कॅप्टेन गटाने असंच करून आर्गॉन वायूतल्या मृदू क्ष-किरणांची एक हार्मोनिक (लेसरच्या वारंवारतेच्या पटीतली लहर) कितीतरी पटींनी वाढवली होती.

याच कामासाठी वापरल्या जाणाऱ्या पिक्सेलवाल्या द्रवस्फटिकाशी तुलना करायची तर आरशात फटी नाहीत, प्रकाशही कमी वाया जातो. पण फेजमध्ये अचानक उडी हवी असेल तर आरसा कामाचा नाही.